गोष्ट मुलांची, पडदा शाळेचा

शाळेत संगणक आला, त्यामागून प्रोजेक्टर आला आणि आता अनेक वर्गांत टॅबही पोहोचले आहेत. मात्र या साधनांसमोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पुष्कळदा एकच काम येते, ते म्हणजे पाहण्याचे. तयार चित्रफीत लागते, मुले ती पाहतात आणि तास संपतो. पूर्वी मुले फळ्याकडे पाहत असत, आता पडद्याकडे पाहतात, एवढाच काय तो फरक. याच पडद्यावर मुलांना स्वतःची गोष्ट सांगता यावी, तिला चित्र आणि आवाज देता यावा, यासाठी तयार झालेली काही अ‍ॅप गेल्या दीड दशकात शिक्षकांच्या हाती आली आहेत. ती कोणती, वर्गात कशी वापरावीत, त्यांचे लाभ कोणते आणि धोके कोणते, याचा हा आढावा.

जुन्या परंपरेचे नवे रूप

चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगायची, ही तिची रीत. या कलेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जपानमध्ये १९३० च्या दशकात ‘कामिशिबाई’ सादर करणारे कथाकार सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरत आणि चौकटीतली चित्रे सरकवत मुलांना गोष्टी सांगत. आजच्या अ‍ॅपमधील ‘पान’ म्हणजे या चित्रचौकटीचाच नवा अवतार होय.

शिक्षणातही गोष्टीचे महत्त्व जुनेच आहे. भावनगरच्या बालमंदिराचे गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक गोंधळ घालणाऱ्या वर्गाला गोष्टीच्या बळावर आपलेसे करतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची रचनाच मुळी रात्रीमागून रात्री सांगितलेल्या आठवणींची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अनुभवाधारित शिक्षणाच्या संदर्भात कथाकथनावर आधारित अध्यापनाचा उल्लेख आहे. तथापि या साऱ्यात गोष्ट सांगणारे बहुधा मोठे आणि ऐकणारी मुले, अशीच वाटणी असे. सांगण्याचे काम मुलांकडे आले, तर ही वाटणी बदलते. अ‍ॅपचा खरा उपयोग येथेच आहे.

अ‍ॅपने नवे काय दिले?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची देणगी आवाजाची. ग्रामीण भागातील मुलांच्या शैक्षणिक स्थितीची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. ते २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांवर आले. २०२४ च्या पाहणीत सुधारणा दिसली असली, तरी न अडखळता वाचू न शकणारी मुले आजही वर्गावर्गात आहेत. अशा मुलाला वहीत गोष्ट लिहावयास सांगितली, तर वही कोरी राहते आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असा समज होतो. तेच मूल मधल्या सुट्टीत मित्रांना बाजारातली किंवा शेतावरची हकीकत रंगवून सांगत असते. उणीव लिहिण्यात असते, गोष्टीत नसते. आवाज मुद्रित करता आला, की अशा मुलाला आधी गोष्ट सांगता येते. त्याचेच शब्द शिक्षकाने फळ्यावर लिहिले, तर ते वाचणे त्याला तुलनेने सोपे जाते, कारण वाक्य त्याचेच असते.

दुसरी देणगी दुरुस्तीची. वहीतील खाडाखोड मुलांना लाजवते. पडद्यावरील दुरुस्तीचा डाग राहत नाही. तिसरी देणगी श्रोत्यांची. निबंध शिक्षक वाचतो आणि गुण देतो. मुलांनी तयार केलेली गोष्ट मात्र सगळा वर्ग पाहतो, खालच्या इयत्तेतील मुले पाहतात, पालकसभेत आई-वडीलही पाहतात. कोणीतरी ऐकणार आहे म्हटल्यावर शब्द आपोआप तोलून वापरले जातात.

कोणते अ‍ॅप कशासाठी?

स्क्रॅच ज्युनिअर : पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी टफ्ट्स विद्यापीठ, ‘एमआयटी’ची मीडिया लॅब आणि प्लेफुल इन्व्हेन्शन कंपनी यांनी हे अ‍ॅप तयार केले. ते २०१४ मध्ये प्रथम आयपॅडवर आले. यात चित्रांचे ठोकळे जोडून पात्रांना चालवता, बोलवता येते. ठोकळ्यांवर शब्दांऐवजी खुणा असल्याने वाचता न येणाऱ्या मुलालाही ते वापरता येते. मुलांना स्वतः पात्र रंगवता येते, आवाज देता येतो. एका प्रकल्पात जास्तीत जास्त चार पाने करता येतात आणि ही मर्यादाच फायद्याची ठरते, कारण गोष्ट भरकटत नाही. ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालते.

स्क्रॅच : ‘एमआयटी’मधील मिचेल रेझ्निक यांच्या गटाने २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ही प्रणाली साधारण ८ ते १६ वर्षे वयोगटासाठी आहे. मुले यात गोष्टी, खेळ आणि हलती चित्रे तयार करतात. ‘असे झाले तर तसे होईल’ हा संगणकीय विचार आणि कथेतील कार्यकारणभाव यांची येथे सहज गाठ पडते. शाळेच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्तीही मिळते.

स्टोरीविव्हर : ‘प्रथम बुक्स’ या भारतीय संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, हे व्यासपीठ सुरू केले. तेथे मराठीसह तीनशेहून अधिक भाषांतील बालपुस्तके मोफत वाचता येतात. पुस्तकांची वाचनाच्या चार पातळ्यांत विभागणी केलेली आहे. वाचनाबरोबरच तेथील चित्रे घेऊन नवी गोष्ट रचण्याची आणि असलेल्या गोष्टीचे भाषांतर करण्याची सोय आहे. श्रेय देऊन कोणालाही वापरता येईल, अशा खुल्या परवान्याखाली गोष्टी प्रसिद्ध होत असल्याने शिक्षकाला त्या छापून वाटता येतात.

बुक क्रिएटर : २०११ मध्ये आयपॅडसाठी आलेले आणि पुढे ब्राउझरमध्येही चालू लागलेले हे अ‍ॅप वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार करण्यासाठी उपयोगी आहे. पानावर मजकूर, छायाचित्र, हाताने काढलेले चित्र आणि आवाज एकत्र ठेवता येतात. सहलीचा वृत्तान्त, विज्ञानाचा प्रयोग किंवा गावाची माहिती अशा विषयांसाठी ते सोयीचे पडते.

स्टॉप मोशन स्टुडिओ : मातीच्या किंवा कागदी बाहुल्या थोड्या थोड्या सरकवत छायाचित्रे घ्यायची आणि ती सलग दाखवून हालचालीचा भास निर्माण करायचा, ही या अ‍ॅपची पद्धत. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये आगकाड्यांच्या हालचालींचा ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट याच तत्त्वावर केला होता, हे मुलांना अवश्य सांगावे. यात हिशेबही शिकता येतो. सेकंदाला पाच छायाचित्रे धरली, तर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीसाठी १५० छायाचित्रे लागतात.

यांपैकी काहीही उपलब्ध नसले, तरी शिक्षकाच्या फोनमधील ध्वनिमुद्रणाची सोय पुरेशी आहे. वर्गाचे ‘रेडिओ नाट्य’ तेवढ्यावर होऊ शकते.

आधी तोंडी, मग कागदावर, मग पडद्यावर

अ‍ॅप वापरताना सर्वांत मोठी चूक होते ती क्रमाची. टॅब आधी हाती दिला, की मुले पात्रांचे रंग आणि पार्श्वभूमी निवडण्यात गुंतून पडतात. तास संपतो आणि गोष्ट सुरूही झालेली नसते. म्हणून टॅब कपाटातून सर्वांत शेवटी बाहेर यावा. ४० विद्यार्थी आणि चार टॅब असलेल्या चौथीच्या वर्गासाठी सहा तासांची आखणी अशी करता येईल :

पहिला तास, दोन शब्दांचा खेळ : इटालियन बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात एकमेकांशी काहीच संबंध नसलेले दोन शब्द जोडून गोष्ट सुचवण्याची रीत मांडली आहे. समजा, शब्द आले ‘बैल’ आणि ‘लिफ्ट’. बैल लिफ्टमध्ये का शिरला? त्याला कितव्या मजल्यावर जायचे होते? तेथे कोण राहते? बटण कोणी दाबले? अशा प्रश्नांतून दहा मिनिटांत गोष्टीला पाय फुटतात.

दुसरा तास, तोंडी कथन : पाच-पाच मुलांचे आठ गट करावेत. गटातील प्रत्येकाने आपली गोष्ट एका मिनिटात सांगावी आणि गटाने त्यांतील एक निवडावी. शिक्षकाने या वेळी दुरुस्त्या न करता केवळ ऐकावे.

तिसरा तास, चार चौकटी : कोऱ्या कागदाला दोन घड्या घालून चार चौकटी पाडाव्यात. पहिल्या चौकटीत कोण आणि कोठे, दुसरीत अडचण, तिसरीत धडपड, चौथीत शेवट. प्रत्येक चौकटीत एक साधे चित्र आणि एकच वाक्य असावे.

चौथा आणि पाचवा तास, पडदा : एका तासाला चार गटांनी टॅबवर काम करावे; उरलेल्या चार गटांनी संवादांचा सराव करावा, पात्रे रंगवावीत, टाळ्या-चुटक्या-पेल्यांतून आवाज तयार करावेत. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. गटात कथाकार, चित्रकार, आवाज देणारा, ध्वनी सांभाळणारा आणि टॅब हाताळणारा अशी कामे वाटून द्यावीत. टॅब हाताळणारा दर दहा मिनिटांनी बदलावा; नाहीतर घरी स्मार्टफोन असलेले मूलच तो धरून बसते.

सहावा तास, सादरीकरण : प्रत्येक गोष्ट दोन मिनिटांची. ती झाल्यावर प्रेक्षकांनी दोन प्रश्न विचारावेत. ‘छान झाले’ या शेऱ्यापेक्षा ‘बैल परत खाली कसा आला?’ हा प्रश्न गटाला अधिक शिकवून जातो.

भाषा कोणाची?

मुलाने गोष्ट वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा मालवणीत सांगितली, तर काय करावे? पुष्कळ शिक्षकांचा पहिला कल ती ‘शुद्ध’ करण्याकडे असतो. तसे केले, की पुढच्या वेळी मूल चार वाक्यांऐवजी एकच वाक्य बोलते. पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे, अशी २०२० च्या धोरणाची भूमिका आहे. तिला अनुसरून निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्रांचे संवाद घरच्या बोलीत, अशी वाटणी करून पाहावी. कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणारी मुले वर्गात असतील, तर एकच गोष्ट दोन्ही भाषांत मुद्रित करावी. बोलीत छापील पुस्तके कमी असतात. मुलांच्या आवाजात साठवलेल्या अशा दहा गोष्टी म्हणजे पुढच्या वर्षीच्या पहिलीसाठी तयार झालेले ऐकण्याचे साहित्यच होय.

तांत्रिक अडचणीही आहेत. काही अ‍ॅपमध्ये देवनागरीची जोडाक्षरे तुटतात, विशेषतः पीडीएफ करताना. त्यामुळे नवे अ‍ॅप वर्गात नेण्यापूर्वी ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘ज्ञ’, ‘ट्ट’ असलेले एक वाक्य टाइप करून ते छापून पाहावे. अक्षरे तुटत असतील, तर मजकूर कागदावर लिहून त्याचे छायाचित्र पानावर लावावे. मुलाचे हस्ताक्षर पडद्यावर दिसणे हाही एक आनंदच असतो.

गोष्ट यंत्राने लिहिली तर?

२०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने सर्वांना सहज मिळू लागली. एक वाक्य दिले, की संपूर्ण गोष्ट आणि तिची चित्रे काही क्षणांत तयार होतात. असा पडदा देखणा दिसतो. परंतु मूल पुन्हा पाहणाऱ्याच्याच जागी जाऊन बसते. बैल लिफ्टमध्ये का शिरला, हे ठरवण्याचा त्रासच मुलाला शिकवत असतो आणि यंत्र नेमका तोच त्रास वाचवते. शिवाय अशा अनेक सेवांच्या अटींनुसार १३ वर्षांखालील मुलांना त्या वापरण्याची परवानगी नसते, हेही ध्यानात ठेवावे. वरच्या इयत्तांत यंत्राची गोष्ट आणि मुलांची गोष्ट शेजारी ठेवून चर्चा करता येईल. प्राथमिक वर्गांत मात्र गोष्टीचा पहिला खर्डा मुलांचाच असावा, हा नियम पाळणे इष्ट ठरेल.

तयार चित्रांच्या साठ्याबाबतही हीच सावधगिरी हवी. अ‍ॅपमध्ये बर्फाळ डोंगर आणि किल्ल्यासारखी घरे आयती मिळतात. चाळीचा जिना, एस.टी. स्थानक किंवा पाणवठा मिळेलच असे नाही. मिळते तेवढ्यातच गोष्ट बसवायची म्हटले, की मुलांच्या गोष्टींतून त्यांचे घरच नाहीसे होते. म्हणून निदान एक पात्र आणि एक पार्श्वभूमी मुलांनी स्वतः काढलेली असावी.

मुलांचा चेहरा आणि नाव

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक. बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद या कायद्यात आहे. शिक्षकांनी व्यवहारात पुढील पथ्ये पाळावीत :

- शक्यतो खाते न उघडता चालणारे अ‍ॅप निवडावे. खाते लागल्यास ते शिक्षकाच्या नावे असावे.
- चित्रफितीत मुलांचे चेहरे, पूर्ण नाव, पत्ता, शाळेचा गणवेश दिसू नये. बाहुल्या, चित्रे आणि आवाज पुरेसे असतात.
- समाजमाध्यमावर किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गोष्ट टाकण्यापूर्वी पालकांना आणि मुलालाही विचारावे. घरातील भांडणाची किंवा अडचणीची गोष्ट मुलाने विश्वासाने सांगितली असेल, तर ती वर्गाबाहेर जाऊ नये.

प्रताधिकाराचे भान मुलांना लहानपणीच द्यावे. चित्रपटगीत वर्गात वाजवणे वेगळे आणि ते जोडलेली चित्रफीत जाहीर करणे वेगळे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार असतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाल्याने त्यांच्या कथांवरील ही मुदत २०१० च्या अखेरीस संपली. त्यामुळे त्यांच्या कथांना मुले नवे रूप देऊ शकतात. आजीची गोष्ट तर सर्वांत सोयीची. मात्र शेवटी ‘ही गोष्ट आजीने सांगितली’ असे श्रेय द्यायला विसरू नये.

अ‍ॅप जाते, गोष्ट राहावी

एकाच अ‍ॅपवर सारा भरवसा ठेवणे धोक्याचे असते. शाळांत रुळलेले विंडोज मूव्ही मेकर २०१७ मध्ये बंद करण्यात आले. फ्लॅश या तंत्रज्ञानाचा आधार २०२० च्या अखेरीस थांबला आणि त्यावर चालणारे असंख्य शैक्षणिक खेळ निकामी झाले. विद्यार्थ्यांच्या छोट्या चित्रफितींसाठी लोकप्रिय असलेली फ्लिपग्रिड ही सेवा मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये घेतली, पुढे तिचे नाव ‘फ्लिप’ झाले आणि २०२४ मध्ये ही स्वतंत्र सेवा बंद झाली. म्हणून तयार झालेली गोष्ट त्याच दिवशी चित्रफीत, पीडीएफ किंवा ध्वनिफीत अशा सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात उतरवून घ्यावी आणि शाळेच्या संगणकावर वर्षवार जपावी. चार चौकटींचे कागदही फेकू नयेत.

मूल्यमापन कसे करावे?

गुण देताना हलत्या चित्रांची संख्या किंवा रंगांची झगमग मोजू नये. चार प्रश्न पुरेत. घटनांचा क्रम समजतो का? पात्राला काय हवे आहे, हे कळते का? एका घटनेतून दुसरी घडते का? आणि गटातील प्रत्येकाचा आवाज कोठे ना कोठे ऐकू येतो का? यांतील शेवटचा प्रश्न शिक्षकांनी स्वतःलाही विचारावा. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणारे मूल या सहा तासांत एकदा तरी बोलले की नाही, याची नोंद ठेवावी.

पालकांसाठीही हीच कसोटी आहे. घरी मुलाच्या हाती फोन दिला, की ते अर्धा तास काय पाहते, याची काळजी आपण करतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा फोनवरील ध्वनिमुद्रण सुरू करून ‘आज तू सांग, मी ऐकतो’ असे म्हणून पाहावे. त्यासाठी कोणतेही अ‍ॅप विकत घ्यावे लागत नाही. ऐकणाऱ्याने मात्र मध्येच उठून जाता कामा नये.